मायरिंगेन आणि परिसर : चार रात्रींत निसर्ग आणि इतिहास कसा पाहावा?

ओवी | २ फेब्रुवारी

नमस्कार. येत्या उन्हाळ्यात वडिलांना घेऊन स्वित्झर्लंडला जाण्याचे घाटत आहे. वडील शहात्तर वर्षांचे आहेत. बुद्धी तल्लख, गुडघे मात्र कुरकुरणारे. शाळकरी वयात त्यांनी शेरलॉक होम्सच्या कथांचे मराठी अनुवाद वाचले आणि तेव्हापासून "होम्स ज्या धबधब्यात पडला तो एकदा पाहायचा" ही इच्छा त्यांनी मनात जपून ठेवली आहे. तो राइखेनबाख धबधबा मायरिंगेन या छोट्या गावाजवळ आहे, एवढे मला ठाऊक आहे. परंतु ज्यांना विचारले त्या सर्वांनी एकच सल्ला दिला : मुक्काम इंटरलाकेन किंवा लुत्सर्नला करा आणि मायरिंगेन अर्ध्या दिवसात उरका.

माझ्या मनात मात्र तिथेच चार रात्री राहावे असे आहे. खरेदीत आम्हाला रस नाही आणि उंच शिखरांवर नेणाऱ्या महागड्या गाड्यांचाही आग्रह नाही. निसर्ग हवा, त्याच्या जोडीला काही जुने, इतिहास सांगणारे हवे आणि बाबांना फार चढावे लागू नये. चार रात्री जास्त होतील का? जूनअखेर बरी की सप्टेंबर? ज्यांनी तो भाग पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बर्नकर | २ फेब्रुवारी

चार रात्री मुळीच जास्त नाहीत. मी अकरा वर्षे बर्नमध्ये राहतो आणि भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मायरिंगेनला नेतो. त्यांपैकी निम्म्यांनी आधी नाके मुरडली होती, हे प्रांजळपणे सांगतो.

गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम सहाशे मीटर उंचीवर, आरे नदीच्या सपाट खोऱ्यात आहे, त्यामुळे बाबांना गावात फिरताना चढ लागणार नाही. लुत्सर्नहून येणारी छोट्या रुळांची गाडी ब्र्यूनिग खिंड ओलांडून येते. खिंडीच्या दोन्ही बाजूंना चढ इतका आहे की दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि गाडीचे दातेरी चाक तिच्यात अडकून पुढे सरकते. मायरिंगेनला गाडीची दिशा उलटते, त्यामुळे गाडीच्या दिशेला पाठ करून बसल्याबद्दल खंतावणाऱ्यांना तिथून पुढे न्याय मिळतो.

धबधब्याविषयी. राइखेनबाख हा एक धबधबा नसून टप्प्याटप्प्याने कोसळणारी साखळी आहे. एकूण उतार सुमारे २५० मीटर, त्यांतला सर्वांत वरचा आणि मोठा टप्पा सुमारे १२० मीटरचा. बाबांना पायी चढण्याची गरज नाही, कारण १८९९ पासून तिथे दोरावर चालणारी रेल्वे आहे. डबे उघडे, लाकडी आणि जुन्या घडणीचे आहेत. वर उतरताच मुख्य टप्पा समोर येतो आणि पलीकडच्या कड्यावर एक पांढरा तारा रंगवलेला दिसतो. होम्स आणि त्याचा कट्टर शत्रू मोरिआर्टी यांची झटापट झाली ती जागा म्हणजे तो तारा. तिथवर चालत जाता येते, पण ती वाट बाबांसाठी नाही. शिवाय होम्सकथांचा लेखक कॉनन डॉइल याने पाहिली तेव्हा वाट थेट पाण्याच्या अंगावर जाऊन संपत असे. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत कडा झिजला आणि आज ती बरीच अलीकडे थांबते.

गावात होम्सचा बसलेला कांस्य पुतळा आहे (१९८८). त्याच्या अंगावर आणि बैठकीवर साठही कथांच्या खुणा लपवलेल्या आहेत. बाबांना त्या शोधायला बसवले तर तुमचा एक तास निश्चिंत जाईल. शेजारी जुन्या इंग्रजी चर्चच्या तळघरात होम्सचे संग्रहालय आहे. ते १९९१ मध्ये, म्हणजे त्या काल्पनिक झटापटीच्या शताब्दीला उघडले आणि बेकर स्ट्रीटवरील त्याची बैठकीची खोली तिथे हुबेहूब उभारलेली आहे.

लिमलेट | २ फेब्रुवारी

बाबांना आठवण करून द्यावी की होम्स पडला नव्हता, पडल्याचे भासवले होते. तीन वर्षांनी तो लंडनला परत आला. धबधब्यापाशी उभे राहून श्रद्धांजली वाहू नये.

पायवाट | ३ फेब्रुवारी

बर्नकर यांच्या उत्साहाचा आदर ठेवून वेगळे मत नोंदवतो. आम्ही ऑक्टोबरच्या आरंभी गेलो होतो. धबधबा म्हणून जे दिसले ते पाहून माझ्या मुलीने "बाबा, आंबोली यापेक्षा मोठी आहे ना?" असे विचारले आणि मला खोटे बोलता आले नाही. पाण्याची एक बारीक धार, समोर एक फलक आणि फलकासमोर छायाचित्रासाठी रांग. पुतळा पाहिला, कॉफी घेतली, पुढची गाडी पकडली. अर्धा दिवस पुरतो, हे माझे प्रामाणिक मत आहे.

बर्नकर | ३ फेब्रुवारी

पायवाट, आपला अनुभव खरा आहे आणि त्याचे कारणही आहे. वर्षातील काही काळ या प्रवाहाचे पाणी वीजनिर्मितीसाठी वळवले जाते. त्यात शरद ऋतूत वरचे बर्फ वितळणे मंदावते, त्यामुळे धार आणखी रोडावते. आंबोली ऑगस्टमध्ये पाहायची आणि राइखेनबाख ऑक्टोबरमध्ये, ही तुलना धबधब्यावर अन्याय करणारी आहे. आंबोलीला एप्रिलमध्ये जाऊन पाहा.

म्हणूनच ओवी यांना माझा सल्ला जूनचा आहे. टर्नर हा इंग्रज चित्रकार १८०२ मध्ये इथे आला आणि १८०४ मध्ये त्याने या धबधब्याचे मोठे जलरंगचित्र केले. त्यातला रौद्र प्रपात कोणाला अतिशयोक्ती वाटला तर त्याने बर्फ वितळण्याच्या दिवसांत त्या कठड्याशी उभे राहून पाहावे.

पायवाट | ३ फेब्रुवारी

एप्रिलमधल्या आंबोलीचा मुद्दा मान्य. अर्ध्या दिवसाचा मुद्दा मागे घेतलेला नाही.

भूशास्त्री | ४ फेब्रुवारी

माझ्या दृष्टीने मायरिंगेनला जाण्याचे पहिले कारण होम्स नव्हेच. ते कारण गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे : आरे नदीची घळ.

खोऱ्याचा नकाशा पाहिला तर मायरिंगेन आणि वरचे इनर्टकिर्खेन यांच्या मधोमध चुनखडकाची एक भिंत आडवी पडलेली दिसते. तिला किर्खेट म्हणतात. हिमयुगात हिमनदी या भिंतीवरून सरकत गेली. बर्फाखाली वितळलेले पाणी प्रचंड दाबाखाली वाळू-गोटे घेऊन वाहत होते आणि त्याने भिंतीत एक नव्हे, अनेक घळी कोरल्या. जुन्या घळी हिमनदीच्या गाळाने बुजल्या. आज नदी जिच्यातून वाहते ती आपण पाहतो. तिची लांबी सुमारे १.४ किलोमीटर, खोली काही ठिकाणी २०० मीटरपर्यंत आणि सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम एक मीटर आहे. १८८८ पासून तिच्या कड्याला लगटून लाकडी-लोखंडी मार्ग बांधलेला आहे. त्या अरुंद भागात हात पसरले की दोन्ही तळव्यांना खडक लागतो. एक तळवा कोरडा राहतो आणि दुसऱ्या बाजूचा खडक पाझरत असल्यामुळे दुसरा भिजतो. खालून पाणी राखाडी-हिरव्या रंगाचे आणि दुधाळ वाहते, आणि वर आकाशाची एक फीत दिसते.

दोन गोष्टी आवर्जून पाहाव्यात. पहिली म्हणजे भिंतींतील गोलाकार खोबणी. आपल्याकडे निघोजला कुकडीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत, तीच प्रक्रिया इथे चुनखडकात झाली आहे : भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरत खडक घासत जातात. दुसरी गोष्ट किर्खेटच्या माथ्यावर आहे. तिथे चुनखडकावर ग्रॅनाइटचे मोठमोठे धोंडे विसावलेले आहेत. ग्रॅनाइट तिथला नव्हे, तो वरच्या ग्रिम्झेल खिंडीकडचा आहे. हिमनदीने तो वाहून आणला आणि बर्फ आटल्यावर तिथेच टाकून दिला.

बाबांनी पश्चिमेच्या दारातून आत शिरावे. त्या बाजूने वाट बहुतेक सपाट आहे.

सह्यभटका | ४ फेब्रुवारी

घळीतून जाताना मला सतत सांदण दरी आठवत होती, फक्त इथे कमरेपर्यंत पाण्यात उतरावे लागत नाही आणि तिकीट काढावे लागते. पूर्वेच्या टोकाला गंमत आहे. तिथला रेल्वेचा थांबा चक्क बोगद्यात आहे. आपण बाहेर उभे राहायचे. गाडी आत येऊन थांबली की खडकातले दार आपोआप सरकते आणि आपण डोंगराच्या पोटात गाडीत चढतो. माझ्या मुलाने घळीपेक्षा त्या दाराचेच वर्णन शाळेत अधिक केले.

मात्र मला त्या भागात सर्वांत जास्त भावली ती जुनी खेचरांची वाट. लुत्सर्नहून ब्र्यूनिग, मायरिंगेन, ग्रिम्झेल आणि पुढे ग्रीस (Gries) नावाच्या आल्प्समधील खिंडीने इटलीतील डोमोदोस्सोलापर्यंत शतकानुशतके व्यापार चालत असे. इकडून चीज आणि गुरे जात, तिकडून मद्य, तांदूळ आणि मसाले येत. ज्या कडक चीजची सर्वाधिक वाहतूक होई त्यावरून आज त्या वाटेला श्ब्रिंझ मार्ग म्हणतात. ग्रिम्झेलच्या वाटेवरील हांडेक परिसरात तिची फरसबंदी आणि दगडी कमानीचे पूल अजून आहेत. दगड मधोमध खुरांनी गुळगुळीत झालेले आहेत. नाणेघाटात जकातीच्या रांजणाशी बसून ज्याने कधी बैलांच्या तांड्यांची कल्पना केली असेल, त्याला इथे काही समजावून सांगावे लागत नाही.

अनघा_सोलापूर | ५ फेब्रुवारी

दोन लहान नोंदी करते.

मेरँग हा अंड्याच्या पांढऱ्याचा आणि साखरेचा पदार्थ मायरिंगेनमध्येच जन्मला आणि गावाच्या नावावरूनच त्याचे नाव पडले, असे तिथे प्रत्येक बेकरी सांगते. गास्पारिनी नावाच्या इटालियन हलवायाची कथाही सांगतात. खाद्येतिहासाचे अभ्यासक ती दंतकथा मानतात, पण भरपूर घट्ट सायीसोबत तो खाताना वाद घालण्याची इच्छा उरत नाही. माझ्या सासूबाईंनी एक चावा घेऊन "हा तर फुगलेला बत्तासा" असा निकाल दिला आणि त्यात अंडे आहे हे कळल्यावर उरलेला सासऱ्यांच्या बशीत सरकवला. बाबा शाकाहारी असतील तर आधी सांगून ठेवा.

दुसरी नोंद : गावाशेजारी वायुदलाचा विमानतळ आहे. पहिल्या सकाळी आम्ही गडगडाट ऐकून छत्र्या घेऊन बाहेर पडलो; आकाश निरभ्र होते आणि डोक्यावरून लढाऊ विमाने गेली. शनिवार-रविवारी गाव शांत असते.

लिमलेट | ५ फेब्रुवारी

होम्स असता तर छत्री घेण्यापूर्वीच विमानाचा प्रकार ओळखला असता.

जुनेपुराणे | ७ फेब्रुवारी

इतकी चर्चा झाली, परंतु ज्या वास्तूसाठी मी दोनदा मायरिंगेनला गेलो तिचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो. सेंट मायकेलचे चर्च. स्थानकापासून रमतगमत गेले तरी पंधरा मिनिटे.

बाहेरून पाहिल्यास त्यात विशेष काही वाटत नाही. घंटेचा मनोरा चर्चला चिकटलेला नाही, थोडा दूर स्वतंत्र उभा आहे, एवढेच नजरेत भरते. मात्र या चर्चच्या खाली आणखी एक चर्च आहे. गावामागच्या डोंगरातून अल्पबाख नावाचा ओढा उतरतो. शांत असतो तेव्हा त्याची दखल घ्यावी असे काही नसते, परंतु मुसळधार पावसात तो पाण्यासोबत दगड, माती, झाडे यांचा लोंढा घेऊन थेट वस्तीवर येत असे. अशाच लोंढ्यांत जुने चर्च बुजले. लोकांनी ते उकरून काढण्याऐवजी त्याच जागी, वाढलेल्या जमिनीच्या पातळीवर नवे बांधले. पुढे १७६२ मध्ये ओढ्याने पुन्हा चर्चमध्ये गाळ भरला. खालचे अवशेष १९१५-१६ च्या उत्खननात उजेडात आले. आता जिन्याने खाली उतरून त्या भिंती, पायऱ्या आणि वेदीचा भाग पाहता येतो. वरची जमीन आणि खालची जमीन यांत जे अंतर आहे, तितका गाळ त्या ओढ्याने आणून टाकला. पुराच्या इतिहासाचे याहून स्पष्ट मोजमाप मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

पाण्याने छळले नाही तेव्हा वाऱ्याने छळले. दक्षिणेकडून आल्प्स ओलांडणारी हवा पलीकडच्या उतारावर पाऊस टाकून कोरडी होते आणि अलीकडे उतरताना दाबली जाऊन तापते. हा फ्योन वारा. महाबळेश्वरच्या पलीकडे पाऊस अचानक आटतो, त्याच्या जवळचे हे नाते आहे. फरक असा की इथे उतरणारी हवा ऐन हिवाळ्यातही घरे कोळशासारखी सुकवते. फ्योन सुटलेला असताना ठिणगी पडली की लाकडी गाव वाचत नसे. मायरिंगेन १८७९ मध्ये जळाले, पुन्हा बांधले, आणि १८९१ मध्ये पुन्हा जळाले. रस्ते सरळ आणि इमारती एकाच काळातल्या दिसतात, त्याचे कारण हे. गावात जुने काही नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

इथे होम्सप्रेमींसाठी एक तपशील. कथेनुसार होम्स मायरिंगेनमध्ये मुक्काम करून धबधब्याकडे निघाला तो दिवस ४ मे १८९१. दुसरी आग लागली त्याच वर्षीच्या २५ ऑक्टोबरला. म्हणजे होम्सने ज्या गावात रात्र काढली ते गाव सहा महिन्यांच्या आत राख झाले. आर्थर कॉनन डॉइल या भागात आला १८९३ मध्ये. त्याने पाहिले ते आगीनंतर उभे राहत असलेले गाव, आणि लिहिले ते आगीपूर्वीचे. हा विचार मनात आल्यापासून मला तो पुतळा अधिक आवडू लागला.

ओवी | ७ फेब्रुवारी

जुनेपुराणे, आपला प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. एक गोष्ट मी आधी सांगायला हवी होती : बाबा पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. "गाळ" हा शब्द ऐकताच त्यांनी चष्मा चढवला आणि अल्पबाखवर नंतर काय उपाय केले, हे विचारले.

जुनेपुराणे | ८ फेब्रुवारी

मग तर त्यांनी चर्चच्या मागून ओढ्याच्या दिशेने चालत जावे. ओढ्याला दोन्ही बाजूंनी भिंती घालून बांधीव पात्रात बसवलेले आहे. जवळच रेस्टी बुरुजाचे अवशेष आहेत, तेराव्या शतकातील. तिथवर थोडा चढ आहे, पण बसत-बसत जमेल.

रेवती_डोंबिवली | ९ फेब्रुवारी

बालेनबेर्गचे खुले संग्रहालय यादीत हवेच. ब्रिएन्झजवळ आहे, मायरिंगेनहून दूर नाही. स्वित्झर्लंडच्या निरनिराळ्या भागांतील शंभरहून अधिक जुनी घरे, गोठे, गिरण्या मूळ जागेवरून उतरवून तिथे पुन्हा उभारलेल्या आहेत. १९७८ मध्ये ते सुरू झाले. घरांत चुली पेटलेल्या असतात, आढ्याला धुराची काजळी असते आणि कारागीर प्रत्यक्ष काम करीत असतात.

पायवाट | ९ फेब्रुवारी

जागेवरून उपटून आणलेले घर म्हणजे इतिहास नव्हे, नेपथ्य. दक्षिणेकडच्या टिचिनो प्रांतातील दगडी घरासमोर जर बर्नचे लाकडी घर दिसत असेल तर दोन्ही घरे खोटी वाटतात.

रेवती_डोंबिवली | ९ फेब्रुवारी

ती घरे मूळ जागी राहिली असती तर रस्त्यासाठी किंवा नव्या बांधकामासाठी पाडली गेली असती. माझ्या आजोळचा वाडा मूळ जागेवरच होता. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि वाड्याची एक कोरीव तुळई एका उपाहारगृहात शोभेला टांगलेली आहे. यापेक्षा मला नेपथ्य चालेल.

भूशास्त्री | १० फेब्रुवारी

दोघांचेही मला पटते, पण बाबांच्या गुडघ्यांच्या दृष्टीने सांगायचे तर बालेनबेर्ग सुमारे ६६ हेक्टरवर पसरलेले आहे आणि आत चढउतार आहेत. एका दारातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडण्याचा हट्ट धरू नये.

त्याऐवजी ब्रिएन्झहून बोटीने गीसबाखला जावे. तिथला धबधबा चौदा टप्प्यांनी ब्रिएन्झ सरोवराकडे येतो आणि बोटीच्या धक्क्यापासून वर जुन्या हॉटेलपर्यंत नेणारी दोरावरची रेल्वे १८७९ पासून चालू आहे. सरोवराचा रंग पाहून घ्या. हिमनद्यांनी खडक दळून केलेले पीठ पाण्यात तरंगत राहते आणि त्यामुळे पाणी फिरोजी दिसते. सागरी नील नव्हे. चुन्यात मोरचूद कालवल्यासारखे.

बर्नकर | १० फेब्रुवारी

याच सरोवराच्या काठच्या इझेल्टवाल्ड गावातील लाकडी धक्क्याविषयी कोणी सुचवण्याआधीच लिहितो : एका कोरियन मालिकेत दिसल्यापासून तिथे इतकी गर्दी लोटली की गावाने धक्क्यावर फिरते फाटक बसवून पाच फ्रँक आकारणी सुरू केली. सरोवर त्याच्या बाहेरूनही तेवढेच सुंदर दिसते.

ओवी | १८ मार्च

ठरले. जूनचा शेवटचा आठवडा, चार रात्री, मायरिंगेन. दोन शंका उरल्या आहेत. गेल्मर सरोवराकडे नेणाऱ्या रेल्वेविषयी वाचले. बाबांना झेपेल का? आणि ग्रिम्झेल खिंडीपर्यंत जाण्यात त्यांना रस वाटेल का?

सह्यभटका | १८ मार्च

गेल्मरची रेल्वे १९२६ मध्ये धरणाचे सामान वर नेण्यासाठी बांधली गेली आणि २००१ मध्ये प्रवाशांना खुली झाली. सर्वाधिक चढ १०६ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना एकशेसहा मीटर वर; कोनात सांगायचे तर सत्तेचाळीस अंशांच्या आसपास. डबा उघडा असतो आणि उतरताना चेहरा दरीकडे असतो. गुडघ्यांना काही त्रास नाही, पण छातीचा ठोका चुकतो. आरक्षण आधी करावे. मी केले नव्हते, चूक सर्वस्वी माझी, आणि चार तास खाली बसून इतरांच्या किंकाळ्या ऐकल्या.

भूशास्त्री | १९ मार्च

ग्रिम्झेलला पाटबंधारे अभियंत्याला रस वाटेल का, हा प्रश्न विचारावा लागतो याचे आश्चर्य वाटते. खिंडीची उंची २,१६४ मीटर. ती जलविभाजक रेषेवर आहे : उत्तरेचे पाणी आरेतून ऱ्हाइनमार्गे उत्तर समुद्राला, दक्षिणेचे ऱ्होनमार्गे भूमध्य समुद्राला. खिंडीच्या उत्तरेला धरणांची माळ आहे आणि दोन जलाशयांमध्ये पाणी वर-खाली खेळवून वीज साठवण्याची योजना चालते. बाबांना घाटघर म्हटले की पुढचे समजेल.

आणि एक गोष्ट खास त्यांच्यासाठी. हुगी नावाच्या अभ्यासकाने १८२७ मध्ये तिथल्या उंटेरआर हिमनदीवर एक झोपडी बांधली. १८४१ पर्यंत ती झोपडी मूळ जागेपासून सुमारे १,४०० मीटर खाली सरकली होती. कोणी हलवली नव्हती. बर्फ वाहत होता. लुई अगासी याने १८४० पासून त्याच हिमनदीवर मुक्काम ठोकून मोजमापे केली आणि हिमनद्यांचा शास्त्रीय अभ्यास तिथे रुजला. मायरिंगेनच्या घळीवर पडलेले ते ग्रॅनाइटचे धोंडे कसे आले, याचे उत्तर त्या झोपडीत आहे.

ओवी | २१ जुलै

परत येऊन तीन आठवडे झाले. उशिरा लिहीत आहे, क्षमस्व.

धबधबा प्रचंड होता. पायवाट यांची मुलगी सोबत असती तर तिने आंबोलीचे नाव काढले नसते. कठड्याशी उभे राहिल्यावर दोन मिनिटांत बाबांच्या चष्म्यावर तुषारांचा थर आला. त्यांनी तो तीनदा पुसला आणि मग काढून खिशात ठेवला. पांढरा तारा मी त्यांना बोटाने दाखवला. ते म्हणाले, तारा राहू दे, तो खडक कोणता ते सांग. कोणता खडक, हे मला कळेना. कथेत होम्सचा मित्र वॉटसन परत धावत येतो तेव्हा होम्सची काठी खडकाला टेकलेली असते आणि त्याच खडकावर चांदीच्या सिगारेटपेटीखाली चिठ्ठी असते. साठ वर्षांपूर्वी वाचलेले हे त्यांना जसेच्या तसे आठवत होते. शेवटी त्यांनी स्वतःच एक खडक निवडला.

आरेच्या घळीत ते पश्चिमेच्या दारातून शिरले आणि आपणहून पूर्वेच्या टोकापर्यंत गेले. शेवटच्या चढावर दोनदा बसावे लागले. खडकातले दार सरकले तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. बालेनबेर्गला आम्ही गेलो नाही. त्याऐवजी पिवळ्या पोस्टबसने रोझेनलाउईला गेलो. अरुंद वळणावर चालक तीन सुरांचा भोंगा वाजवतो. ते सूर रोसिनीच्या विल्यम टेल या संगीतिकेच्या प्रारंभिक संगीतातले आहेत, असे शेजारच्या आजींनी सांगितले आणि गुणगुणूनही दाखवले. गेल्मरची रेल्वे बाबांनी खालूनच पाहिली आणि "दोर चांगला आहे" एवढेच म्हणाले.

मात्र सर्वांत जास्त वेळ गेला तो चर्चच्या खाली. मी पंधरा मिनिटे धरली होती, आम्ही सव्वा तास होतो. बाबा वाकून खालच्या भिंतीचा तळ पाहत, मग मान वर करून वरच्या फरशीचा अंदाज घेत, आणि छोट्या वहीत आकडे लिहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे म्हणाले. गेलो. जुनेपुराणे, आपले आभार त्यांनी स्वतंत्रपणे मानले आहेत.

भूशास्त्री यांच्यासाठी बाबांचा एक प्रश्न आहे. घळीच्या खालच्या अंगाला त्यांनी आरेचे पाणी एका बाटलीत भरून घेतले आणि खोलीत रात्रभर खिडकीत ठेवले. सकाळी गाळ खाली बसेल असे त्यांना वाटले होते. पाणी जसेच्या तसे दुधाळ होते. धरणावर आयुष्य गेलेल्या माणसाला हे रुचले नाही. कारण काय?

भूशास्त्री | २२ जुलै

कण फार बारीक आहेत. आपल्या नद्यांचा पावसाळी गाळ म्हणजे मुख्यतः माती आणि रेती. त्यातला जड भाग काही तासांत तळ गाठतो. हिमनदीने दळलेले पीठ त्याहून पुष्कळ सूक्ष्म असते आणि निश्चल पाण्यातही दिवसेंदिवस तरंगते. म्हणूनच सबंध ब्रिएन्झ सरोवराला तो रंग टिकून राहतो. बाटली हलवली नाही तर तळाशी काहीतरी दिसेल, पण त्यांनी धीर धरावा.

पायवाट | २२ जुलै

अर्ध्या दिवसाचा मुद्दा मागे घेतो. चर्च रविवारी उघडे असते का?

ओवी | २३ जुलै

आम्ही गुरुवारी आणि शुक्रवारी गेलो होतो; रविवारी प्रार्थनेची वेळ सांभाळून जावे.

बाटली सामानातून पुण्याला आली आहे आणि बाबांच्या टेबलावर उभी आहे. घरात कोणालाही तिला हात लावण्याची परवानगी नाही. आज सकाळी त्यांनी भिंगातून पाहिले. तळाशी नखाच्या जाडीचा राखाडी थर धरला आहे आणि वरचे पाणी अजून पुरते निवळलेले नाही.